पोटरीची सूज अंगावर काढू नका

दिवसभर उभ्याने राबणाऱ्या बाईचे पाय दुखले तर घरात कुणाला त्याचे नवल वाटत नाही. तेल चोळायचे आणि झोपायचे, एवढेच आपले औषध. पण तुम्ही पाळणा लांबवण्याच्या गोळ्या घेत असाल आणि एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर ते श्रमाचे दुखणे समजू नका.

माला-एन, माला-डी यांसारख्या गोळ्यांत इस्ट्रोजेन हे संप्रेरक असते. त्यामुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती थोडी वाढते. कधी पायाच्या आतल्या शिरेत गुठळी होते. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला, तर जिवावर बेतते.

म्हणून घाबरून पाकीट फेकू नका. गोळ्या न घेणाऱ्या 10,000 स्त्रियांपैकी वर्षाला 1 ते 5 जणींना अशी गुठळी होते. गोळ्या घेणाऱ्यांपैकी 3 ते 9 जणींना. गरोदरपणात हेच प्रमाण 5 ते 20 असते आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या 12 आठवड्यांत त्याहून पुष्कळ जास्त.

मात्र शेजारणीच्या पाकिटातली गोळी मागून घेऊ नका. पूर्वी गुठळी झालेली, नुकती बाळंत झालेली, रक्तदाब असलेली किंवा पस्तिशीनंतर बिडी ओढणारी, अशा स्त्रीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या घेऊच नयेत. आई-बहिणीला असा त्रास झाला असेल, तर तेही सांगावे. धोका सुरुवातीच्या महिन्यांत अधिक असतो.

खुणा लक्षात ठेवा. एका पायाला सूज, पोटरीत दुखणे, तिथली कातडी गरम किंवा लाल होणे. अशा पायाला मालिश करू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. एकाएकी धाप लागली, छातीत दुखले, खोकल्यातून रक्त पडले किंवा अंगाची एक बाजू लुळी पडली, तर क्षणभरही थांबू नका; 108 ला फोन करा.

डॉक्टरांपुढे "मी गोळ्या घेते" हे आपणहून सांगा. सासूबाई सोबत असल्या तरी लाजू नका. ते एक वाक्य न सांगितल्याने निदान चुकू शकते. शस्त्रक्रिया ठरली किंवा पायाला प्लॅस्टर घातले, तरी हे सांगायला विसरू नका.

गोळी सोसत नसेल तर तांबी आहे, निरोध आहे, पतीची नसबंदीही आहे. संसार दोघांचा आहे. ही काळजी एकट्या बाईने का वाहावी?