पहिल्या सहा सामन्यांचा निवाडा
अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये संघ हरू लागला म्हणजे साऱ्या खेळाडूंना एकदम बडतर्फ करणे मालकास शक्य नसते, आणि म्हणून पराजयाचा सर्व ठपका व्यवस्थापक नामक एकट्या इसमावर ठेवून त्याची रवानगी करण्याची जी रीत तेथे पडली आहे, ती मला उघड अन्यायाची वाटते. १९८८ साली बाल्टिमोर ओरिओल्स संघाने, ज्यांनी आपली तीन दशके त्याच संस्थेच्या चाकरीत इमानाने वेचली त्या थोरल्या कॅल रिपकेन यांना, हंगामातील पहिले सहा सामने गमावताच पदच्युत केले. आणि त्यांचे दोन पुत्र, कॅल व बिली, त्याच संघात खेळत असल्यामुळे पित्याच्या बडतर्फीनंतरही त्यांना तोच गणवेश चढवून मैदानात उतरणे प्राप्त झाले, ही गोष्ट तर फारच क्लेशकारक आहे. थोरल्या रिपकेन यांच्या जागी आलेले फ्रँक रॉबिन्सन स्वतः थोर खेळाडू होते, तथापि पराभवांची मालिका एकविसापर्यंत लांबलीच. याउलट फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सचे कॉनी मॅक १९१६ साली ११७ सामने हरूनही अढळ राहिले व १९५० पर्यंत व्यवस्थापकपद भूषविते झाले, कारण संघाच्या मालकीत त्यांचा स्वतःचा हिस्सा होता.