म्हणे मनाचे खेळ!

पोटात मरणाची कळ, झोप नाही, जीव घाबराघुबरा, सोनोग्राफीत मात्र काही नाही. बाई तरुण असेल तर निदान ठरलेलेच... "टेन्शन घेतात हो त्या!"

तिला अक्यूट इंटरमिटंट पॉर्फिरिया असू शकतो, हे कुणाच्या गावीही नसते. आजार दुर्मिळ, आनुवंशिक. हीम तयार करणाऱ्या साखळीतले एक एन्झाइम निम्मेच असते. एरवी निम्म्यावर भागते. पण काही औषधे यकृताला जास्त हीम करायला लावतात, आणि मग अर्धवट बनलेला विषारी माल साचू लागतो. उपाशी राहिल्यानेही हेच होते. (आठवड्याला दोन-दोन उपास करणाऱ्या आपल्या बायका आठवा.)

आता क्रूरपणा पाहा. धास्ती, बेचैनी ही या झटक्याचीच लक्षणे. ती शमवायला एके काळी सर्रास बार्बिट्यूरेटच्या झोपेच्या गोळ्या देत, आणि त्यांनीच झटका भडके! झटक्यात कधी फिटही येते. पण फिटवरची फिनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही नेहमीची औषधे इथे घातक. सल्फाचेही तेच. स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रॉम यांनी या आजारावर प्रबंध लिहिला तो १९३७ साली. म्हणजे हे काही कालचे ज्ञान नव्हे.

तरीही प्रत्येक गोळीपाशी अडखळणाऱ्या पेशंटला आपण काय सांगतो? "इंटरनेट बंद करा, मन खंबीर ठेवा." अहो, त्याची भीती खरी आहे! तिला समुपदेशनही हवे, नाही कोण म्हणतो? पण आधी हातात यादी द्या. कोणती औषधे चालत नाहीत हे सांगता, तसे कोणती चालतात हेही सांगा. नाहीतर माणूस घाबरून सगळेच नाकारतो, आणि कळांनी तळमळत पडतो. मॉर्फिन त्याला चालते, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

झटका चालू असताना लघवीतले पॉर्फोबिलिनोजेन तपासले की बरेच उलगडते. नमुना उजेडापासून झाकून न्यावा लागतो, एवढेच. सख्ख्या भावंडांचीही चौकशी व्हायला हवी, कारण दोष त्यांच्यात असण्याची शक्यता निम्मी.

सुरक्षित-असुरक्षित औषधांची सूची नॉर्वेतल्या पॉर्फिरिया केंद्राने इंटरनेटवर फुकट ठेवली आहे. ती मूळ रसायनांच्या नावांनी. आपल्या दुकानदाराच्या हातातल्या पट्टीवर कंपनीने दिलेले नावही असते, त्यातून मूळ नाव शोधून सूचीशी ताडून पाहावे लागते. रात्री अकराला ती पट्टी घेऊन काउंटरपाशी उभ्या राहिलेल्या नवऱ्याने काय करावे?