पाटल्यांचे पैसे आणि गेमिंगचा संगणक

मैत्रिणींनो, गेले काही आठवडे तुमच्या पत्रांतून एकच विषय डोकावतो आहे. मुलगा कॉलेजात गेला, त्याने 'गेमिंगचा पीसी' मागितला, हातात लाख-दीड लाखाची यादी ठेवली, आणि त्या यादीतली एकही वस्तू आईला कळत नाही. भाजी घेताना आपण भेंडीचे टोक मोडून बघतो, पण इथे मोडून बघायचे काय? एका भगिनीने तर स्पष्टच विचारले आहे, "मुलगा मला बनवतो आहे का?"

बनवत नसतो हो, बहुतेक वेळा. पण त्यालाही अर्धेच कळत असते. हे मी अनुभवाने सांगते.

माझी धाकटी बहीण मढला दिली आहे. जुन्नर तालुक्यातले, माळशेज घाटाच्या अलीकडचे हे गाव. पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी जवळ, आणि पाऊस असा की चार महिने कपडे वाळत नाहीत. २०२५ च्या मे महिन्यात तिचा फोन आला. "ताई, तुझ्या भाच्याला कॉम्प्युटर हवाय. सव्वा लाखाचा. माझ्याकडे पाटल्यांसाठी ठेवलेले सत्तर हजार आहेत, तेवढेच. देऊ का नको?"

हे सत्तर हजार म्हणजे तिने शिलाईयंत्रावर नऊ वर्षे ब्लाऊज शिवून साठवलेले. पाटल्या पूर्वी विहिरीच्या कामाला मोडल्या होत्या, त्या परत करायच्या होत्या. सोने आता असे चढले आहे की सत्तर हजारांत धड तोळाही येत नाही, पाटल्या तर दूरच. बहिणीच्या यजमानांचे म्हणणे वेगळेच, "ते पैसे ठिबकच्या नळ्यांना घाला. पोरगं रात्रभर खेळणार आणि दिवसा झोपणार."

मी भाच्याला फोनवर घेतले. "मावशी, नुसता खेळणार नाही, स्ट्रीमिंग करणार," तो म्हणाला. म्हणजे आपण खेळतो ते त्याच वेळी इंटरनेटवरून लोकांना दाखवायचे आणि तोंडाने बोलत राहायचे. दुसऱ्याचा खेळ कोण बघत बसेल, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते. पण यात्रेत कुस्त्यांच्या आखाड्याभोवती जी गर्दी जमते, ती काय स्वतः कुस्ती खेळायला जमते?

पैशाचे मी त्याला आधीच स्पष्ट विचारले. यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा मिळायला आधी एक हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तासांचे बघणे जमावे लागते. आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तास, दरवेळी दहा माणसे शेवटपर्यंत बसली तरी वर्षाचे तीन हजार एकशे वीस तास होतात. म्हणजे तरीही कमीच. हा हिशेब मी त्याला कागदावर मांडायला लावला. त्याचा चेहरा उतरला, पण हट्ट गेला नाही. तेव्हा मी बहिणीला म्हटले, "कमाईच्या आशेने देऊ नकोस. मशीन म्हणून द्यायचे असेल तर दे. त्यावर अभ्यास होईल, व्हिडिओ जोडता येतील. आणि सत्तरच्या वर एक रुपया नाही."

आता यादीकडे वळू. मला समजले तसे सांगते.

प्रोसेसर म्हणजे मुख्य आचारी. हात थोडे, पण प्रत्येक काम येते. रॅम म्हणजे ओटा. ओटा लहान असला की भाजी चिरायला परात खाली ठेवावी लागते. एसएसडी म्हणजे कोठीची खोली, सामान कायमचे तिथे. मदरबोर्डवर हे सगळे बसते. आणि ग्राफिक कार्ड? लग्नघरात पापड लाटायला बसलेल्या बायका आठवा. प्रत्येकीला एकच काम, पण एकदम शंभर पापड तयार. पडद्यावरचा एकेक ठिपका रंगवायचे काम असेच वाटून होते. भाच्याच्या यादीतल्या आरटीएक्स ४०६० कार्डात अशा तीन हजार बहात्तर 'बायका' बसलेल्या असतात.

इथे एक गंमत सांगते. आमच्या जुन्नर तालुक्यातच खोडदला ती जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची. आकाशातून आलेल्या लहरींची जुळणी करायला तिथल्या शास्त्रज्ञांनी ग्राफिक कार्डाच्याच जातीच्या चिप्स लावल्या आहेत. खेळासाठी निघालेली वस्तू ताऱ्यांच्या कामाला आली. हे सांगितल्यावर बहिणीचे यजमान पहिल्यांदा यादीकडे नीट बघू लागले.

गेमिंगच्या संगणकात सर्वांत जास्त पैसे ह्या कार्डात जातात, आणि ते तसेच जायला हवेत. एकूण रकमेचा तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के. भाच्याने मात्र महागडा प्रोसेसर, रंगीत दिव्यांची रॅम आणि काचेचा कॅबिनेट यांवरच निम्मे उडवले होते. स्ट्रीमिंग करायचे तर आचारी मोठा हवा, असे त्याला कोणी सांगितलेले. पूर्वी ते बऱ्याच अंशी खरे होते. पण आता ह्या कार्डांमध्ये चित्र आवळून पाठवण्यासाठी वेगळाच भाग असतो. एक बाई लाटते, दुसरी भाजते, तसे. त्यामुळे खेळ फारसा अडखळत नाही आणि सहा कोअरचा मध्यम प्रोसेसर पुरतो. आम्ही रायझन ५ ५६०० घेतला. मागच्या पिढीचा आहे, पण त्याचा बोर्ड नि डीडीआर४ रॅम स्वस्त पडली. एक ध्यानात ठेवा, डीडीआर४ ची रॅम डीडीआर५ च्या बोर्डात बसतच नाही. बोर्ड आणि रॅम एकाच पावतीवर घ्यावी ती याचसाठी.

प्रोसेसरच्या नावापुढचे अक्षरही वाचा. इंटेलच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर त्यात स्वतःचे चित्र दाखवायची सोय नसते. आमच्या ५६०० मध्येही ती नाही. कार्ड बिघडले की पडदा काळा. विकत घेणाऱ्याने हे आधी जाणावे.

रॅम सोळा जीबी, पण एकच सोळाची पट्टी नको, आठ-आठच्या दोन. औताला एक बैल नि दोन बैल असा फरक पडतो. आमची खरेदी मे महिन्यात झाली हे नशीबच, कारण त्याच वर्षाच्या अखेरीस रॅमचे भाव आवक नसलेल्या कांद्यासारखे चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांनी माल उचलला म्हणे. म्हणूनच मी इथे सुट्या वस्तूंचे भाव देत नाही. छापून येईपर्यंत शिळे व्हायचे. तुम्ही जाल त्या दिवशी तीन दुकानांतून लेखी दर घ्या.

आता ज्या वस्तूवर सगळी मुले पैसे वाचवतात, तिच्याबद्दल. एसएमपीएस. घरातली वीज संगणकाला पचेल अशी करून देणारा हा डबा. दिसत नाही, त्याला दिवे नसतात, म्हणून दुकानदारही 'लोकल टाकतो' म्हणतो. माझ्या स्वतःच्या घरी काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका दुकानातून 'गेमिंग' नावाचा तयार संगणक आणला होता. बाहेरून दिवाळी, आत असला डबा. पावसाळ्यात एकदा वीज आली-गेली, आणि त्या डब्याने जाताना बोर्डही बरोबर नेला. वॉरंटीचे विचारले तर "व्होल्टेजचा प्रॉब्लेम आमच्याकडे येत नाही" हे उत्तर. त्या दिवसापासून मी ह्या बाबतीत कंजुषी करू देत नाही. हिशेब सोपा आहे. प्रोसेसर साधारण पंचाहत्तर वॉट, ४०६० कार्ड एकशे पंधरा, बाकी सगळे मिळून पन्नास-साठ; म्हणजे अडीचशेच्या आसपास. त्यावर भरपूर मोकळीक ठेवून साडेपाचशे वॉटचा, '८० प्लस ब्राँझ' असा शिक्का असलेला, नावाजलेल्या कंपनीचा घ्यायचा. साडेसातशेचा नको, तो नुसता मोठेपणा.

मढसारख्या ठिकाणी यूपीएस ही चैन नव्हे. भाच्याच्या यादीत तो नव्हताच! खेळ रंगात आणि वीज गेली, तर खेळ जातो ते जाऊ दे, पण लिहिता लिहिता एसएसडी बंद पडली तर त्यातला अभ्यासही जाऊ शकतो. यूपीएसवरचा 'व्हीए'चा आकडा फसवा असतो. सहाशे व्हीएचा यूपीएस साधारण साडेतीनशे वॉटच पेलतो, तेव्हा हजाराच्या आसपासचा घ्यावा. तो दोन तास चालणार नाही. सगळे नीट बंद करण्यापुरती दहा-पंधरा मिनिटे देतो. आणि आधी घराचे अर्थिंग तपासून घ्या. बहिणीच्या घरी ते नुसते नावाला होते. गावच्या वायरमनने नवा खड्डा घेतला, कोळसा-मीठ घातले, तेव्हा कुठे फ्रिजला हात लावल्यावर येणारी मुंगीही गेली.

वीजबिलाची भीती अवाजवी नाही. रोज चार तास खेळला तर महिन्याला तीसेक युनिटे वाढतात. घर आधीच नव्वदच्या घरात असेल, तर शंभराची पायरी ओलांडून वरच्या युनिटांना चढा दर लागतो.

पण सगळ्यांत आधी बघायची गोष्ट संगणकात नसतेच. ती म्हणजे घरातून बाहेर जाणारा इंटरनेटचा वेग. आपण नेहमी येणारा वेग बघतो. स्ट्रीमिंगला जाणारा लागतो. चांगल्या स्वच्छ चित्राला सेकंदाला सहा मेगाबिट धरा. तासाला ते दोन हजार सातशे एमबी झाले. मोबाइलचा रोजचा दोन जीबीचा पॅक पाऊण तासही पुरणार नाही! म्हणून फायबरची जोडणी घराशी येते का, आणि भर पावसात, संध्याकाळी, सगळे गाव मोबाइलवर असताना तिचा वेग किती, हे आठवडाभर वहीत टिपायला लावले. चार-पाच मेगाबिट टिकून मिळाले. मग ठरले, चित्र ७२० चे ठेवायचे. त्यामुळे महागडा पडदा आपोआप कटाप झाला. माझ्या मुलाचा जुना पडदा पडून होता, तो पाठवला.

खरेदीला मायलेक पहाटेच्या एसटीने माळशेज उतरून कल्याणला गेले, तिथून लोकलने ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोडवर. माझी बहीण आयुष्यात प्रथमच त्या रस्त्यावर गेली. दुकानदाराने जुने, वापरलेले कार्ड निम्म्या किमतीत पुढे केले. तिने विचारले, "वॉरंटी कोणाच्या नावावर?" तो गप्प. वापरलेली कार्डे वाईटच असतात असे नाही, पण २०२२ मध्ये इथेरियमचे आभासी चलन कार्डांवर खणायचे थांबले, तेव्हा रात्रंदिवस राबलेली कितीतरी कार्डे बाजारात आली. पेटी, पक्के बिल आणि खोक्यावरचा क्रमांक कार्डावरच्या क्रमांकाशी जुळणे, ही तीन नसतील तर हात लावू नये. ती प्रत्येक क्रमांक चष्मा लावून जुळवत बसली. दुकानातली पोरे हसली म्हणे. हसू देत.

अस्सल विंडोजचे पैसे यादीत कोणीच धरले नव्हते. ते मी वाढदिवसाची भेट म्हणून भरले. स्ट्रीमिंगचे ओबीएस नावाचे सॉफ्टवेअर मात्र फुकट मिळते; कोणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका.

उरलेल्यातून माइक. चित्र थोडे धूसर असले तर लोक चालवून घेतात, आवाज खरखरला की उठून जातात. बहिणीच्या घरावर पत्रा. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की शेजारचे बोलणे ऐकू येत नाही. सगळीकडचा आवाज टिपणारा कंडेन्सर माइक तिथे निरुपयोगी. तोंडाजवळ धरायचा डायनॅमिक माइक बरा. भिंतींना दोन जुन्या गोधड्या टांगल्या, त्याने घुमणे गेले. कॅबिनेट जाळीच्या तोंडाचा घेतला आणि जमिनीपासून वीतभर वर ठेवला आहे, चुलीच्या धुरापासून लांब. मुंग्या आणि पाली उबेला आत शिरतात, म्हणून दर महिन्याला बंद करून, वायर काढून, ब्रशने साफ करायचा. हे काम त्याचे, आईचे नव्हे.

एका बाबतीत मात्र आयांनी कडक राहावे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आहे आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद नि पन्नास लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. स्ट्रीमिंग करणाऱ्या पोरांना असल्या जाहिरातींची आमिषे येतात. भाच्याला चौथ्या महिन्यातच आले, पाच हजारांचे. त्याने आईला दाखवले आणि नाही म्हणून कळवले. खेळ म्हटला की मारधाडच, असेही समजू नका. पुण्यातल्या मंडळींनी तयार केलेला 'राजी' हा २०२० चा खेळ बघा; धाकट्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ती गोष्ट आहे. माझ्या बहिणीने तो शेवटपर्यंत पाहिला.

आज भाच्याचे वर्गणीदार चारशेही नाहीत. पण गावातल्या दोन लग्नांच्या चित्रफिती त्याने जोडून दिल्या, त्याचे पैसे आईच्या हातात ठेवले. ठिबकच्या नळ्या अजून व्हायच्या आहेत, पाटल्याही. यजमान मधूनमधून बोलतात, आणि ते बोलणे चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही.

बिले आणि वॉरंटीची कार्डे तिने तांदळाच्या डब्यात ठेवली होती. मढच्या दमटपणात बिलांवरची शाई उडते, तेव्हा मी मोबाइलवर फोटो काढून माझ्याकडेही पाठवायला लावले. तुम्हीही तेवढे आजच करा. ज्यांनी पावसाळ्यात पापडांना येणाऱ्या बुरशीबद्दल विचारले आहे, त्यांना पुढच्या अंकात उत्तर देते.