खेळ कोण रचतो?



माझी मुलगी पुण्यात मोबाईल गेम बनवणाऱ्या कंपनीत प्रोग्रामर आहे. दिवाळीला घरी आली तेव्हा म्हणाली, "आई, मला गेम डिझायनर व्हायचंय. सुरुवातीला पगार कमी मिळेल." मी लगेच म्हणाले, "चांगलं चाललंय ते कशाला सोडतेस? शेवटी खेळच ना तो!" ती काही न बोलता ताटावरून उठली.

रात्री मीच तिच्याजवळ जाऊन बसले. दोन्ही कामांत फरक काय, ते विचारलं. ती म्हणाली, "गोळी लागली की समोरचा पडला पाहिजे, एवढं मी कोडमध्ये लिहिते. पण त्याला मारल्याबद्दल गुण द्यायचे, हे दुसरंच कोणीतरी ठरवतं."

मला आपली ज्ञानबाजी आठवली. सापशिडीचंच हे जुनं रूप. कापडावर रंगवलेले ८४ घरांचे जैन पट आजही संग्रहालयांत आहेत. पर्युषणात ते खेळले जात. पुण्याच्या घरातून शिडी, पापाच्या घरातून साप आणि सर्वांत वर सिद्धशिला. कोणत्या घरात साप ठेवायचा, हे ज्याने ठरवलं त्याने खेळता खेळता धर्म शिकवला. पुढे हाच खेळ इंग्लंडला गेला, बाजारात आला आणि हळूहळू घरांची नावं पुसली गेली. उरले नुसते साप आणि शिड्या.

मुलीच्या वहीत एका खेळाची कल्पना आहे. विहार करणाऱ्या साध्वी, पावसाळ्याआधीची वाट, पायाखाली मुंग्या, किडे. चार हात पुढचं पाहून चालायचं. घाई केली की गुण कमी. आपली ईर्यासमितीच की ही! आणि मी तिला "खेळच ना तो" म्हणाले होते.

आपण प्रतिक्रमणात कृत, कारित आणि अनुमोदना, तिन्हींची क्षमा मागतो. मारामारीच्या खेळाचं कोड लिहिणं हे कृत धरलं, तर "पगार चांगला आहे, तेच कर" असं म्हणणारी आई कुठे बसते? अनुमोदनेतच ना?

सगळ्यांनीच नोकऱ्या सोडाव्यात, असं मी म्हणत नाही. सहा महिन्यांचा खर्च आधी बाजूला ठेव, ही अट मी घातली आहे आणि तिने ती मानली आहे. पण तुमच्या मुलामुलींनी असं काही विचारलं, तर पगाराच्या आधी एक प्रश्न विचारा: तुझ्या खेळात गुण कशाचे मिळतील?