चोचीची टोपी आणि आपले पॉवरलूम

रमजान तोंडावर आला की टोपीच्या बाजाराला जाग येते. जाळीची, मखमलीची, क्रोशाची, कडक काठाची, नाना तऱ्हेची टोपी आमच्या बाजाराने पाहिली आहे. परंतु चोच असलेली टोपी पाहण्याचा योग मला अलीकडेच आला. गुवाहाटीच्या एका जुन्या पार्टीने फोटो पाठवले. खेड्यातल्या साध्यासुध्या बायका, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर पक्ष्याचे आख्खे मुंडके! हातभर चोच, पिवळी-केशरी बोडकी मान, वटारलेले डोळे. दुकानातली पोरे पोट धरून हसली. मीही हसलो, खोटे कशाला सांगू?

फोटोबरोबर ऑर्डर होती. ह्याच पक्ष्याची बुट्टी टाकून पॉवरलूमवर पांढरा-लाल गामोसा विणून द्या, माल उचलण्याची हमी आमची. धंदा मंदा असताना अशी ऑर्डर म्हणजे अल्लाहची मेहेरबानीच वाटावी. पण बुट्टी कशाची टाकायची हे विणकराला समजावण्यासाठी मी चौकशी केली आणि तेथेच अडकलो.

ह्या पक्ष्याचे नाव हरगिला. करकोच्याच्या जातीचा, उंची पाच फुटांपर्यंत, पंख पसरले तर आठ फूट. मुर्दार खातो, उकिरड्यावर फिरतो, म्हणून लोक त्याला अपशकुनी समजत. आम्ही उर्दू शाळेत हुमा पक्ष्याची गोष्ट ऐकली होती, ज्याच्या डोक्यावर त्याची सावली पडेल तो बादशहा होणार. हरगिल्याच्या नशिबी असा मान कोठून येणार?

वाचकांना नवल वाटेल, पण टोपीच्या बाजाराशी ह्याचा संबंध जुना आहे. ह्याच्या शेपटीखालची मऊ पिसे विलायतेला जात. आज बांगलादेशात असलेल्या कुमारखालीच्या नावावरून त्या मालाला ‘कॉमरकॉली’ म्हणत. 1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात हा माल मांडला होता. पुढे पिसांचे वेड एवढे वाढले की 1886 मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर फ्रँक चॅपमन यांनी बायकांच्या 700 टोप्या मोजल्या, त्यांपैकी 542 टोप्यांवर पिसे नाहीतर आख्खे पक्षीच होते. हिंदुस्थानातून रानपक्ष्यांची पिसे बाहेर पाठवण्यास 1902 मध्ये बंदी आली. विलायतेने आपला दरवाजा लावला तो 1921 च्या कायद्याने. तोपर्यंत व्यापाऱ्यांनी हात धुऊन घेतले होते.

आता फोटोतल्या टोपीकडे या. ती पिसांची नाही, कागदाच्या लगद्याची आहे. आसामच्या कामरूप जिल्ह्यात पूर्णिमा देवी बर्मन नावाच्या बाईंनी घरटी असलेले झाड तोडलेले आणि पिल्ले जमिनीवर पडलेली पाहिली, आणि गावातल्या बायकांना हाताशी धरले. आज त्यांच्या ‘हरगिला आर्मी’त दहा हजारांहून अधिक बायका आहेत. हीच टोपी घालून त्या मिरवणूक काढतात, घरट्यांच्या मोसमात पक्षिणीचे डोहाळजेवण करतात. हसू येते ना? पण दादरा, पाचरिया, सिंगिमारी ह्या गावांत 28 घरटी होती, ती 250 च्या वर गेली. 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने बाईंचा गौरव केला. टोपीवर प्राण्याचे मुंडके असावे की नसावे हा मसला उलेमांचा आहे, मी दुकानदार आहे. मला त्यातले दुसरेच दिसले. ह्या बायकांना माग आणि धागा दिला गेला, त्या हरगिल्याची बुट्टी हाताने विणून विकतात आणि त्यावर घर चालवतात. माझ्याकडे आलेली ऑर्डर त्यांच्याच ताटातली होती.

कायदाही आहे. गामोसा हातमागासाठी राखीव. 1985 चा केंद्राचा कायदा त्यासाठीच आहे. 2022 मध्ये गामोशाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2023 मध्ये आसाम सरकारने पॉवरलूमच्या गामोशावर बंदी आणली. आमचे काही दोस्त म्हणतात, "गामोसा म्हणू नका, टॉवेल म्हणून बिल फाडा. आपण नाही विणला तर दुसरा विणेल." दुसरा विणेल, हे खरेच आहे. मी स्वतः तरुणपणी नकली पैठणीचे गठ्ठे विकले आहेत आणि येवल्याच्या विणकराचे काय झाले असेल हे कधी विचारले नाही.

परंतु आपल्या मोहल्ल्यातल्या बायका क्रोशाच्या टोप्या विणून ईदचा खर्च काढत, ते आठवा. यंत्रावरचा परदेशी माल आला, त्यांची मजुरी गेली, तेव्हा आपण दुकानाच्या ओट्यावर बसून किती हळहळलो! तेव्हा तो व्यापारी जालीम होता, आज आपण ‘मार्केट’ म्हणून सुटू पाहतो. पॉवरलूमला चादर आहे, अस्तर आहे, शर्टिंग आहे. त्यात नवी डिझाइन काढायला डोके लागते, मेहनत लागते. नक्कल स्वस्त पडते, एवढाच काय तो फरक.

पार्टीला मी उलट लिहिले आहे की गामोसा मिळणार नाही. पक्क्या रंगाचा लाल सुती धागा त्या बायकांसाठी हवा असेल तर भाव पाठवतो, महिनाभराची उधारीही देईन. उत्तर अजून आलेले नाही.