नाव तोंडी बसावे

नव्या उत्पादनाचे नाव ठरताना आपण जाहिरातवाले एक प्रश्न हमखास विचारतो: परभाषेत याचा काही भलता अर्थ तर निघत नाही ना? प्रश्न रास्त आहे. पण व्हिडिओ गेमच्या कन्सोलांचा इतिहास पाहता त्याला आपण अवाजवी मान देतो.

एप्रिल २००६मध्ये निन्टेन्डोने नव्या कन्सोलचे नाव 'वी' जाहीर केले, तेव्हा इंग्रजी मुलखात हशा पिकला. तिथली लहान मुले शूला हाच शब्द वापरतात. कंपनी ठाम राहिली: कुठल्याही भाषकाला सोपे, आखूड करायची गरजच नाही. कन्सोल दहा कोटींहून अधिक खपला. २०१२मध्ये पुढचा आला, 'वी यू'. या वेळी प्रश्न हशाचा नव्हता. हे नवे यंत्र की जुन्याचाच जोडभाग, हेच अनेक गिऱ्हाइकांना उमगेना. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनीही ते मान्य केले. खप दीड कोटीच्या आतच आटोपला. कारणे इतरही होती, पण नावाचा घोळ भोवलाच.

'सेगा' या दुसऱ्या कन्सोल कंपनीचे नाव म्हणजे इटालियनमध्ये करवत; बोलीत मात्र एक अश्लील शब्द. तिथल्या जाहिरातींत उच्चार 'सीगा' केला आणि वेळ निभावली. भलत्या अर्थावर असा तोडगा निघतो. लोकांच्या जिभेवर मात्र कोणाचीच सत्ता चालत नाही.

जपानी जीभ लांबलचक परकी नावे बहुधा चार मात्रांत छाटते. 'प्लेस्टेशन'चे 'पुरेसुते' झाले. निन्टेन्डोच्या १९८३च्या 'फॅमिली कॉम्प्युटर' या कन्सोलचे शिल्पकार मासायुकी उएमुरा यांना पत्नीने 'फामिकॉन' हे नाव सुचवले होते. पर्सनल कॉम्प्युटरला लोक 'पासोकॉन' म्हणतातच, हा तिचा साधा हिशेब. तेव्हाचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी ते बाजूला सारले. खोक्यावर पूर्ण नाव छापले गेले, घराघरांत 'फामिकॉन'च रुळले. आणि ते व्यापारचिन्ह नोंदलेले होते शार्प कंपनीच्या नावावर.

तेव्हा नावाची नोंदणी करताना त्याचे लघुरूपही नोंदवा. नाव दुकानदाराला फोनवर सांगा आणि त्याने काय लिहून घेतले ते पाहा. मालिकेतले दुसरे नाव पहिल्यापासून कानाला वेगळे कळते का, तेही तपासा. भलत्या अर्थाची चौकशी त्यानंतर करा.