‘अंतरा’ची सुई, मेंदूची गाठ आणि बाईचा जाणून घेण्याचा हक्क

वस्तीतल्या बाईचं डोकं महिनोन्महिने दुखलं तर तिला बाम मिळतो. फिट आली तर ‘अंगात आलं’ म्हणून देवऋष्याकडे नेतात. तोवर एखादीची नजर गेलेली असते.

मेंदूच्या संरक्षक आवरणांतून हळूहळू वाढणाऱ्या गाठीला मेनिन्जिओमा म्हणतात. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण कवटीच्या आत जागा ती किती? वाढलेली गाठ मेंदूवर, डोळ्याच्या नसेवर दाब आणते. लहान आणि त्रास नसलेल्या गाठीवर ठरावीक काळाने एमआरआय काढून नजर ठेवतात. वाढणारी गाठ शस्त्रक्रियेने काढतात, अडचणीच्या जागी किरणोपचार करतात. म्हणजे उपचार आहेत, प्रश्न वेळेवर पोचण्याचा आहे.

हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत जवळपास दुप्पट दिसतो. त्यात संप्रेरकांचा हात असावा असं मानलं जातं. आणि इथेच आपला संबंध येतो. २०१७ पासून सरकार ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी मोफत देतं. त्यातलं औषध मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. २०२४ मध्ये ‘बीएमजे’त आलेल्या फ्रान्समधल्या अभ्यासात, हे इंजेक्शन वर्षाहून जास्त काळ घेणाऱ्यांत शस्त्रक्रिया लागणाऱ्या मेनिन्जिओमाचा धोका सुमारे साडेपाच पट आढळला. मूळ धोकाच फार कमी, त्यामुळे साडेपाच पट होऊनही तो कमीच राहतो. घाबरून कुणी सुई अर्ध्यावर सोडू नये, आधी डॉक्टरांशी बोलावं.

आपण संततिनियमनाच्या विरोधात नाही. १९३८ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने मुंबई विधिमंडळात पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला होता. पण बाईच्या हाती निर्णय देणं वेगळं आणि तिच्या दंडात सुई टोचणं वेगळं. ‘सांगितलं तर बायका पळतील’ असं काही शहाणे म्हणतात. पैसे मोजणाऱ्या बाईला खासगी डॉक्टर दुष्परिणाम सांगतो, तेव्हा ती पळते का? मग फुकट सुई घेणारीलाच कळत नाही, हे कुणी ठरवलं?

आरोग्य केंद्रात तीन गोष्टी मागा: सुईआधी मराठीत लेखी माहिती, तांबी आणि इतर पर्यायांची विचारणा, आणि सतत डोकेदुखी, फिट किंवा अंधुक दिसणं असलेल्या बाईला थेट जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी. शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, तेही तिथेच विचारा.

पुढच्या बैठकीला आशाताईंनाही बोलवा. जाब विचारायला नव्हे. त्यांना तरी हे कुणी सांगितलंय?